छातीतील जळजळ
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



पंगत आटोपून विडे हाती असताना दुखण्याचा विषय काढणे औचित्याला धरून नाही, हे आम्ही जाणतो. परंतु हे दुखणे पंगतीनंतरच डोके वर काढते. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक. वैद्यकाचा अधिकार सांगत नाही. स्वतः भोगले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, तेवढेच सांगतो.

बारा वर्षे आमच्या छातीत जळजळ होत असे. आंबट पाणी घशाशी येई, सकाळी आवाज बसलेला असे. जळजळीला आम्ही पित्त म्हणत होतो, आवाजाचा दोष खडूच्या भुकटीला देत होतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घेतला की तासभर बरे वाटे. त्या बरे वाटण्यानेच आमचा घात केला. निवृत्तीनंतर एके दिवशी भाकरीचा घास छातीत अडकला. दुर्बिणीने तपासले असता अन्ननलिका खालच्या टोकाशी वणांनी आकसलेली आढळली.

अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंचे कडे घास उतरल्यावर मिटते. ते सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. जठराचे अस्तर ते सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही. वर्षानुवर्षे पोळून काहींचे अस्तरच पालटते. त्या अवस्थेला नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाचे नाव आहे. त्यांनी १९५० साली तिच्यावर लिहिले. अशांपैकी थोड्यांना पुढे कर्करोग होतो.

आमची नलिका डॉक्टरांनी रुंदावली आणि आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलची गोळी न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावयास सांगितली. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवल्या, तंबाखू सुटली. डाव्या कुशीवर निजल्याने आम्ल कमी चढते. वामकुक्षी हा शब्द घडविणाऱ्यांचे आम्हांस कौतुक वाटते, मात्र जेवताक्षणी आडवे होणे बरे नव्हे. जेवण व झोप यांत तीन तास असावेत.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळा शौच, यांपैकी काही दिसल्यास सोड्यावर वेळ दवडू नये. जळजळीबरोबर घाम सुटला, हात वा जबडा दुखू लागला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या घरांतून स्त्रिया सर्वांमागून जेवतात आणि भांडी आवरून लागलीच आडव्या होतात. त्यांच्या जळजळीची चौकशी कोण करतो? मेळाव्यातील रात्रीची शेवटची पंगतही त्यांचीच असते, आणि ती अकराला उठते. पुढील वर्षी ती आठला बसवावी, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.