पासवर्ड कोण मागतंय?

लॅपटॉप हँग होतो आणि लॅपटॉप सारखा पासवर्ड मागतो, या दोन तक्रारी लोक वेगवेगळ्या सांगतात. माझा धंदा दुरुस्तीचा. माझ्याकडे मशीन येतं ते बहुतेक वेळा दोन्ही घेऊनच येतं. आणि आपल्या माझगावात त्याला ठरलेला मुहूर्त आहे, महिन्याची २० तारीख. दरमहा जीएसटीआर ३बी हे विवरणपत्र भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी जीएसटी भवनाच्या आसपासच्या एखाद्या करसल्लागाराच्या टेबलाशी जाऊन बसा. पोर्टलचं चक्र फिरतंय, ब्राउझरची खिडकी पांढुरकी पडलीय. साहेब वैतागतात आणि पॉवरचं बटण दाबून धरतात. मशीन बंद. पुन्हा चालू केलं की विंडोज पासवर्ड विचारतं, जीमेल विचारतं, पोर्टल विचारतं, डिजिटल सहीचं टोकन पिन विचारतं. "सकाळपर्यंत आपोआप उघडत होतं हो! हॅक झालं का?"

बहुतेक वेळा हॅकबिक काही झालेलं नसतं. तुम्ही एकदा लॉगिन केलंत याची खूण ब्राउझर कुकी नावाच्या नोंदीत डिस्कवर ठेवतो. ती नोंद लिहिली जात असतानाच वीज काढून घेतली, तर फाइल बिघडू शकते. खूण गेली की वेबसाइट तुम्हाला ओळखत नाही, एवढंच. विंडोजच्या प्रोफाइलचंही कधीकधी असंच होतं. मग ते तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नेऊन बसवतं, डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात रडारड सुरू होते. फाइली बहुधा जागच्या जागी असतात, सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरमध्ये. थोडक्यात, पासवर्डचं दुखणं पुष्कळदा हँग होण्याच्या पोटी आलेलं असतं. अशा वेळी घाईघाईने पासवर्ड बदलणारा माणूस स्वतःचं काम दुप्पट करून ठेवतो. लॅपटॉपवर नवा, मोबाइलवर जुना, आणि दोन्ही यंत्रं त्याच्यावर रुसलेली.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. पासवर्ड मागतंय कोण? स्क्रीन नीट वाचा. विंडोज सुरू होण्याआधीच काळ्या स्क्रीनवर चौकट आली तर तो बायोसचा, म्हणजे मशीनला जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा पासवर्ड. निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी आकडा मागितला तर ती डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की. त्यानंतरचा तुमच्या विंडोज खात्याचा, मग मेलचा, मग पोर्टलचा. टोकनचा पिन तर सर्वांत वेगळा. तिथे ठरावीक वेळा चुकलात की टोकन लॉक होतं आणि परत विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. तिथे "बघू, हा चालतो का" हा खेळ खेळू नका.

बरोबर पासवर्डही मशीन घेत नाही, त्याची तीन कारणं. पहिलं म्हणजे एक गंमतच. एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. पासवर्ड बरोबर, वहीत लिहिलेला, तरी मशीन घेईना. त्या मराठीत लेख टाइप करणाऱ्या. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा दिसते, तिथे मराठी आलेलं होतं. बाई इंग्रजी अक्षरं दाबत होत्या आणि मशीन देवनागरी घेत होतं. पासवर्डच्या चौकटीत सगळ्याचे ठिपकेच होतात, कळणार कसं? शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की टाइप केलेलं दिसतं. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला, भाषा बदलली, दार उघडलं. कॅप्स लॉक आणि नम लॉक ही याच कुळातली दुखणी, त्यांवर वेळ घालवत नाही.

दुसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही ते म्हणजे घड्याळ. लॅपटॉप बंद असतानाही वेळ चालू ठेवायला अनेक जुन्या मशीनमध्ये नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ किंवा त्याचा एखादा भाऊबंद. तो मेला की मशीन उठतं ते कुठल्यातरी जुन्या सालातल्या १ जानेवारीला. मग होतं काय, प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर अडतो. मोठ्या ऑफिसांतल्या विंडोजच्या नेटवर्कमध्ये तर नेहमीच्या सेटिंगनुसार सर्व्हरच्या आणि तुमच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी नकार. दोरी तुटलेल्या घड्याळावर विसंबून गाडी पकडायला निघालेल्या माणसाची जी गत, तीच या मशीनची. वेळ आणि तारीख दुरुस्त करा, सेल बदला. काम काही रुपयांचं आहे.

तिसरं कारण मेलचं. जुना आउटलुक वापरणारे इथे नक्की असतील. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या नाव-पासवर्डावर मेल उघडू देणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना वैयक्तिक खात्यांसाठी दार बंद केलं. जुना आउटलुक मात्र बिचारा चौकट उघडतच राहतो. तुम्ही पासवर्ड घालता, तो परत विचारतो, तुम्ही परत घालता. तिथे दोन-टप्पी पडताळणी चालू करून गुगलकडून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो किंवा प्रोग्रॅम तरी नवा घ्यावा लागतो.

आता हँग होण्याकडे. आधी कॅप्स लॉक दाबा. कळीवरचा दिवा लागतो-विझतो आणि माउसचा बाण हलतो, तर मशीन जिवंत आहे, एखादाच प्रोग्रॅम अडकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्या एकट्याला बंद करा. नुसता पडदा गोठला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघा. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवाही लागत नाही, बाणही हलत नाही, तेव्हाच पॉवरचं बटण. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर दिसला आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर एसएसडी बसवा. त्याच पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा, आधी डेटा बाहेर काढा. आणि पंखा! आपल्याकडे बंदरालगतची धूळ, दमट हवा. आतल्या जाळीवर करडा थर बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. त्याला लोक व्हायरस म्हणतात.

पण खरा व्हायरस असतो तेव्हा? त्याचं उदाहरण आपल्या समोरच्या किनाऱ्यावरचं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच सुटते, त्या बाजूला न्हावाशेवा. २७ जून २०१७ला तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. १ जुलैला जीएसटी लागू होणार होता, माझगाव त्या धांदलीत होतं. ज्या विषाणूने हे केलं त्याचं नाव नॉटपेट्या, आणि तो पसरला कुठून? युक्रेनमधल्या, करविवरणपत्रं भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. करसल्लागारांनी हे लक्षात ठेवावं असं मी मुद्दाम म्हणतो. तो मशीनच्या मेमरीतले पासवर्ड चोरून शेजारच्या मशीनवर उडी मारायचा. मग मशीन रीस्टार्ट व्हायचं, स्क्रीनवर डिस्क तपासली जातेय असं खोटंच दिसायचं, आणि त्या वेळात आतल्या नोंदी कुलूपबंद व्हायच्या. शेवटी ३०० डॉलरचे बिटकॉइन मागणारा मजकूर आणि किल्ली घालायला जागा. ती किल्ली अस्तित्वातच नव्हती, पैसे भरूनही काही मिळणार नव्हतं.

मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. जगभरच्या खात्यांची यादी ठेवणारे त्यांचे सर्व्हर साफ झाले होते, फक्त घानामधला एक वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचे असे उपकार क्वचितच कुणी मानले असतील. तिथलं नेट इतकं कमकुवत होतं की अखेर त्या डेटाची डिस्क माणसाकरवी विमानाने पाठवावी लागली. तुमच्या ड्रॉवरमधली, मशीनला न जोडलेली हार्डडिस्क हे त्या घानाच्या सर्व्हरचंच काम करते. कायम जोडून ठेवलीत तर ती बॅकअप राहत नाही, दुसरा बळी होते.

१९ जुलै २०२४ची गोष्ट वेगळी. तेव्हा चोर कुणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट आपल्या घड्याळाने सकाळी दहाच्या आधी सुटलं, साधारण सव्वा तासात मागे घेतलं गेलं, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानतळांवर हाताने चेक-इन करावं लागलं. उपाय छोटा होता. सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर सेफ मोडच्या दारात ४८ अंक मागितले जात, आणि ज्यांनी ते अंक जपून ठेवले नव्हते ते तिथेच उभे राहिले. आज नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं. मालकाला ते ठाऊकही नसतं. मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट केला, की ते अंक मागतं. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की बहुधा साठवलेली असते. आज घरी गेल्यावर मशीन चालू असतानाच ती शोधा, कागदावर लिहा, आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

एक भामटा प्रकारही सांगतो. पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा वाजतोय, "तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा". ते फक्त एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरा किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट स्क्रीनवर फोन नंबर देत नाही. फोन केला असेल, पैसे गेले असतील, तर ताबडतोब सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा सल्ला आता जुना झाला. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या एका जुन्या पुस्तिकेमुळे तो जगभर पसरला आणि त्याच संस्थेने २०१७मध्ये तो मागे घेतला. सक्ती केली की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो, हे सगळ्यांना दिसत होतंच. लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक खात्याला निराळा. वहीत लिहिलात तरी माझी हरकत नाही, वही घरात राहू द्या.

लॅमिंग्टन रोडला मशीन दुरुस्तीला देताना मात्र लोक पासवर्डाची चिठ्ठी झाकणावर चिकटवून देतात. त्या चिठ्ठीने तुमची कागदपत्रं उघडतात, ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्डही उघडतात. दुरुस्तीवाल्यासाठी वेगळं खातं काढून द्या. तेवढं जमण्याच्या अवस्थेत मशीन नसेल तर पासवर्ड तोंडी सांगा, आणि लॅपटॉप घरी आला की त्याच दिवशी बदला. बदलायचा असेल तर तेव्हा.