दूरदर्शनच्या पडद्यावर अभ्यास
(हीरक महोत्सवानिमित्त पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून टीव्हीविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु सुपेल्यातील बहुतेक घरांत टीव्ही आहे आणि मुलांसाठी संगणकाचा सारा संच नवा घेण्याची ऐपत सर्वांचीच नाही. तेव्हा घरातल्या टीव्हीलाच संगणकाचा मॉनिटर करता येईल का, हा या शाळेच्या परिवाराचा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यातील मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत.

आपल्या भागाला शिक्षणासाठी टीव्ही नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसविले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून आपला रायपूर परिसर त्यात होता. मुलांसाठी सकाळी शैक्षणिक कार्यक्रम असत. पण तो पडदा एकाच दिशेने बोलत असे. पाहणाऱ्याने केवळ पाहावयाचे. त्याच पडद्याला संगणक आणि कळफलक जोडला की मूल प्रश्न विचारू लागते, लिहू लागते, चुकले तर खोडू लागते. हा फरक लहान नव्हे.

ही जोडणीही जुनीच आहे. १९८२ साली इंग्लंडमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीलाच जोडीत. एका ओळीत अवघी ३२ अक्षरे मावत. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणकही टीव्हीला जोडता येतो. त्याची आरंभीची किंमत ३५ डॉलर होती.

आता व्यवहाराकडे वळू. टीव्ही दुरून पाहण्यासाठी घडविलेला असतो, मॉनिटर हातभर अंतरावरून वाचण्यासाठी. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके असतात. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या ३२ इंची टीव्हीवर केवळ ४९. म्हणून टीव्हीपुढे जवळ बसून बारीक अक्षरे वाचू नयेत. थोडे मागे सरकावे आणि संगणकात अक्षरांचा आकार वाढवावा. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच नसावा. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही तासभर वाचला तर मान अवघडते.

दुसरी अडचण कडांची. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे दडत. नव्या संचांनीही ती सवय पुरती सोडलेली नाही. ते चित्र किंचित मोठे करतात आणि संगणकाची खालची पट्टी कापली जाते. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या चित्र-मांडणीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असतो, तो निवडावा. 'शार्पनेस' कमी करावा, कारण तो वाढला की अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. 'पीसी' हा पर्याय असल्यास तो लावावा. एरवी अनेक टीव्ही रंगांचा तपशील गाळतात आणि लाल-निळी अक्षरे पसरट दिसतात. माऊस हलविल्यावर बाण मागाहून सरकत असेल, तर 'गेम' पर्यायाने तो विलंब घटतो. जुन्या संगणकाला एचडीएमआय नसून व्हीजीए असेल, तर साधी तार पुरत नाही. संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो.

मराठी शाळेने याकडे अधिक लक्ष द्यावे, याला कारण आहे. आपल्या लिपीत अर्थ पुष्कळदा एका बिंदूवर उभा असतो. अनुस्वार पुसट झाला की 'मंद' चा 'मद' होतो आणि 'रंग' चा 'रग'. ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी वाचनाचे प्रसंग आधीच थोडे. जे आहेत, त्यांत तरी अक्षर स्वच्छ दिसावे.

शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्य शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर' हा उपक्रम सुरू केला आणि शाळा घरातल्या पडद्यावर आली. परंतु घरात पडदा एकच असेल, तर तो संध्याकाळी कोणाचा? मालिका, सामना आणि बातम्या यांच्या रांगेत अभ्यासाचा क्रमांक अखेरचा लागतो आणि मुलीच्या अभ्यासाचा त्याहूनही मागे. केबल जोडायला पाच मिनिटे लागतात. रोजचा एक तास ठरवून तो पाळायला साऱ्या घराचा निश्चय लागतो. पालकहो, तो तास आपण मुलांच्या नावे करून द्यावा. साठ वर्षांपूर्वी या शाळेचा पाया घालणाऱ्यांनी परप्रांतात मुलांना मराठीतून शिकता यावे म्हणून जागा मिळवून दिली. आपल्याला तर घरातल्याच एका पडद्यासमोर जागा करून द्यावयाची आहे.