जाईची नवलकहाणी आणि पाठांतराची शिदोरी
(इच्छापोर येथील व्याख्यान)



लुईस कॅरल या टोपणनावाने लिहिणारे चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डला गणिताचे अध्यापक. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात त्यांनी लिडेल भगिनींना एक गोष्ट सांगितली आणि १८६५ साली ती ‘अ‍ॅलिस’च्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तोवरचे इंग्रजी बालवाङ्मय बहुतांशी उपदेशपर होते. कॅरल यांनी उपदेशालाच थट्टेचा विषय केले. आयझॅक वॉट्स यांची उद्योगी मधमाशीवरील कविता तेथील मुलांना मुखोद्गत असे. अ‍ॅलिस ती म्हणू जाते आणि तिच्या तोंडून निघते ते मगरीचे कवन!

भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. मूळ कविता कानावरून गेलेली नसेल, तर विडंबनाला हसायचे कसे? भा. रा. भागवतांनी ही कथा मराठीत आणली तेव्हा तिला ‘जाईची नवलकहाणी’ हे नाव दिले. हे नामांतर मला केवळ वेषांतर वाटत नाही. मुलगी आपल्या घरातली झाली, की तिने चुकवायच्या कविताही आपल्याच घरातल्या लागतात. बंगालीत सुकुमार राय यांनी भाषांतराची वाटच सोडली. त्यांच्या ‘ह-ज-ब-र-ल’मध्ये हातरुमालाचे मांजर होते, पुढे न्यायालयही भरते, कुळी अ‍ॅलिसची, परंतु बोलणे अस्सल बंगाली. मला हा प्रभाव शब्दशः अनुवादाहून मोलाचा वाटतो. आपल्याकडे विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ वाचताना हीच तर्कट गंमत भेटते. तो प्रभाव की केवळ स्वभावसाम्य, हा वाद मी विद्वानांवर सोपवतो.

आता आपल्या दारातला प्रश्न. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. तरीही हजिऱ्याच्या वाटेवरील या इच्छापोरात वाढणाऱ्या कित्येक मराठी मुलांच्या जिभेवर गुजराती बालगीते प्रथम चढतात. त्यात वावगे काही नाही. उलट दोन भाषांची थट्टा करण्याचे भाग्य त्यांना लाभते. मात्र मराठी कविता पाठच नसेल, तर मराठीतील विडंबन त्यांच्यापुरते मुके राहते. म्हणून ग्रंथपालांना माझी विनंती आहे : जाईचे पुस्तक मुलांच्या हाती देण्याआधी आठवडाभर जुन्या क्रमिक पुस्तकांतील कविता त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. अर्थ विचारू नये. चुकीची ओळ म्हणून कोणी हसलेच, तर हसू द्यावे.