पूर्वेचा प्रवास आणि आपली जुनी ओळख
(घनसावंगी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



हाँगकाँग, चीन आणि जपान या प्रदेशांतून आम्ही समाजातील नऊ मंडळींनी एका प्रवासी कंपनीबरोबर जी सहल केली, तिच्याविषयी चार शब्द सांगावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. खर्च किती आला, थंडी कितपत होती आणि पोटाला पोळीभाजी मिळाली की नाही, हे प्रश्न आपण आम्हांस ओट्यावर बसून पुष्कळदा विचारले आहेत व त्यांची उत्तरेही आम्ही यथाशक्ति दिली आहेत. आज सांगावयाचे ते थोडे निराळे आहे.

आरंभी एका गोष्टीचे स्मरण करणे अवश्य वाटते. समुद्र ओलांडणाऱ्यास एके काळी ज्ञातिसभा प्रायश्चित्त सांगत, त्याची पंगत तोडीत. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस केवढी निंदा सोसावी लागली हे आपण जाणतोच. आज तीच ज्ञातिसभा प्रवासाहून परतलेल्यांना हार घालून व्यासपीठावर बसविते. हा पालट आनंदाचा आहे. परंतु ज्यांनी ते बंधन तोडले ते विद्येसाठी व सेवेसाठी गेले होते. आता बंधन उरले नाही, पैसाही थोडाबहुत आला. तेव्हा आपण कशासाठी जावे, हा प्रश्न आपला आपणच सोडविला पाहिजे. आमचे उत्तर असे की, पूर्वेचे हे देश आपणांस परके नाहीत. त्यांची आपली ओळख फार जुनी आहे. ती ठाऊक असेल त्यासच तेथे काही दिसते. इतरांस केवळ उंच इमारती दिसतात.

हाँगकाँगचेच पाहा. तेथील बंदरात या तीरावरून त्या तीरास नेणाऱ्या ज्या प्रसिद्ध होड्या आहेत, त्यांचा धंदा १८८८ च्या सुमारास उभा केला तो दोराबजी नवरोजी या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थाने. १९११ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या मुख्य इमारतीसाठी मोठी देणगी दिली तीही होरमसजी मोदी या मुंबईच्याच पारशाने. प्रवासी त्या होडीत बसून दिव्यांची छायाचित्रे घेतात. ही होडी आपल्या मुंबईकराची, हे आमच्या वाटाड्यासही ठाऊक नव्हते.

पुढे आम्ही चीनमधील शिआन नगरास गेलो. तेथील मातीच्या सैन्याची कीर्ति आपण ऐकली असेल. इसवी सनापूर्वी २१० साली निधन पावलेल्या सम्राटाच्या समाधीशेजारी पुरलेले हे हजारो मृत्तिकासैनिक १९७४ साली उजेडात आले, ते कोणा पंडिताच्या हातून नव्हे. पाण्याची टंचाई म्हणून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीस ते लागले. आपल्या घनसावंगीच्या माणसास विहीर खणण्याचे दुःख व आशा निराळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आमच्यातील एक शेतकरी बंधू त्या खंदकाच्या कठड्यापाशी सर्वांत अधिक वेळ उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, “मग त्या बिचाऱ्यांना पाणी लागलं का?” वाटाड्या हसला, आम्हांस मात्र तो प्रश्न फार योग्य वाटला.

याच शिआन नगरात ६५२ साली बांधलेला एक विटांचा उंच मनोरा आहे. ह्युएन त्सांग हा भिक्षु भारतातून ६४५ साली परतताना जे ग्रंथ घेऊन गेला, ते जतन करण्यासाठी तो उभारला गेला. हा भिक्षु पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. येथील लोक मानी आहेत, उपकार स्मरतात आणि अपमान विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेविले; डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले, ते अजिंठ्याचेच असावे असे विद्वान मानतात. अरण्ये, वाळवंटे आणि हिमाच्छादित घाट ओलांडून आलेल्या त्या प्रवाशाने आपल्या बारीकसारीक स्वभावाची नोंद केली. आपण विमानाने काही तासांत त्याच्या देशी उतरतो. त्याच्या लोकांविषयी आपण काय लिहून आणले, असे कोणी विचारल्यास काय सांगावे?

शिआनहून बीजिंगकडे जाणारी वेगवान आगगाडी शिजियाझुआंग या शहरावरून जाते. या शहरात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे जे पथक चीनला गेले, त्यांत ते होते. इतर परतले, ते राहिले. त्यांनी तेथे संसार मांडला, युद्धात जखमी झालेल्यांची रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेविला. त्या समाधीवर चिनी माणसे आजही फुले वाहतात. आमच्या गाडीत दोन डबे भरून महाराष्ट्रीय प्रवासी होते. गाडी त्या स्थानकात क्षणभर थांबली आणि पुढे निघाली. कार्यक्रमपत्रिकेत बीजिंगमधील रेशमी कापडाच्या दुकानासाठी दोन तास राखून ठेविले होते. कोटणीसांसाठी दोन मिनिटेही नव्हती. या प्रवासातील हीच गोष्ट आमच्या मनास सर्वाधिक लागली. कंपन्या आपण मागू तेच दाखवितात. तेव्हा दोष एकट्या कंपनीस देऊन भागणार नाही. मागणी आपणांकडून गेली पाहिजे.

आता जपान. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा नावाच्या टेकडीवरील मंदिरात आपला गणपती ‘कांगितेन’ या नावाने नांदतो. मूर्ति झाकलेली असते आणि भाविक तेथे मुळे वाहतात. आमच्यातील एक वृद्ध काकू ते पाहून उद्गारल्या, “अगंबाई, बाप्पाला दूर्वा नाहीत, मुळा!” आणि लगेच एक मुळा विकत घेऊन त्यांनी तो भक्तिभावाने अर्पण केला. त्याच देशी सरस्वती ‘बेंझाइतेन’ या नावाने हाती वाद्य घेऊन तळ्याकाठी बसलेली दिसते. नारा येथील भव्य बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली झाले, ते बोधिसेन नामक भारतीय भिक्षूच्या हस्ते.

नाराजवळच होऱ्युजी हे प्राचीन लाकडी मंदिर आहे. तेथील भित्तिचित्रांचे अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी आग लागून ती चित्रे होरपळली. जपानी लोकांनी हळहळ करून विषय सोडला नाही. १९५० साली त्यांनी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि आजही दरवर्षी २६ जानेवारीस देशभरच्या मंदिरांतून आग विझविण्याचा सराव होतो. त्याच दिवशी आपण ध्वजवंदन करतो. अजिंठा आपल्याच विभागात, एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे. पण जुन्या वास्तूंच्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरण्याची खोड आपल्या लोकांतून अद्याप गेलेली नाही. परदेशातील स्वच्छतेचे कौतुक करणाऱ्या आपण सर्वांनी याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, प्रवासास पैसा लागतो आणि तो सर्वांपाशी नाही. हे खरे आहे. परंतु पैसा हेच साधन नव्हे. १९१५ साली अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली महाराष्ट्रात स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेने जे साधले ते शेकडो सहलींनी साधेलच असे नाही. आणि ज्यांस जपानी उद्यान पाहण्याची हौस आहे त्यांनी पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात अवश्य जावे. ओकायामा येथील प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर ते रचले आहे.

यास्तव आमची विनंती तीन गोष्टींची आहे. जाण्यापूर्वी त्या देशाविषयी एक तरी पुस्तक वाचावे. घरातील वृद्ध स्त्रियांना, ज्यांचा जन्म चूल व शेत यांत गेला, त्यांना आग्रहाने बरोबर न्यावे. त्यांची दृष्टि आपणांहून ताजी असते हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि परतल्यावर गावच्या शाळेत जाऊन मुलांना एक तास त्या देशाची हकीकत सांगावी. आपल्या समाजाने पुढील सहल काढली तर कोटणीसांच्या समाधीपाशी थांबण्याची अट आधी घालावी, हेही येथेच ठरावे अशी आमची इच्छा आहे.

शेजारच्या जांबेस १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी बारा वर्षे पायी देश पाहिला असे परंपरा सांगते. पाहिलेले त्यांनी स्वतःपाशी ठेविले नाही, लोकांच्या पदरात टाकले. त्यांच्या शेजारच्या गावकऱ्यांनी प्रवासाचा तेवढा धडा तरी गिरवावा, एवढेच सांगणे आहे.