नकल, कायदा आणि पदवीचा बाजार
(व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याचालण्याचे हुबेहूब सोंग. झाशीच्या महाविद्यालयांत 'नकल' म्हणजे परीक्षेत दुसऱ्याचे उत्तर उतरवून काढणे. महाराष्ट्रात ज्याला कॉपी म्हणतात तेच. हा प्रश्न विद्यार्थ्याच्या नीतिमत्तेचा आहे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. तो तेवढाच आहे काय, हे उत्तर प्रदेशाच्या अनुभवावरून तपासले पाहिजे.

१९९२ साली कल्याणसिंह सरकारने, राजनाथसिंह शिक्षणमंत्री असताना, नकलविरोधी अध्यादेश काढला. नकल हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला. परीक्षागृहात पोलीस शिरले आणि कोवळ्या वयाची मुले तुरुंगात गेली. त्या वर्षी राज्य मंडळाच्या हायस्कूल परीक्षेचा निकाल १४.७० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ५८ टक्क्यांच्या आसपास होता. एका वर्षात मुले निर्बुद्ध झाली नव्हती. आदल्या वर्षीचा निकाल किती पोकळ पायावर उभा होता, एवढेच त्यातून उघड झाले. आणि हे त्या कायद्याच्या विरोधकांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गरिबाच्या मुलाला नकल करू देणे हा त्याचा कैवार नव्हे. ज्याला वर्षभर शिकवलेच नाही त्याच्या हाती चिठ्ठी देणे, ही त्याची दुसऱ्यांदा केलेली फसवणूक आहे.

परंतु ज्या वर्गात शिकवणेच झाले नाही, त्या वर्गाचा जाब त्या अध्यादेशाने कोणाला विचारला? बेडी पडली ती विद्यार्थ्याच्या हातात. साहजिकच हा विषय निवडणुकीच्या सभांत गेला. डिसेंबर १९९३ मध्ये मुलायमसिंह यादव मुख्यमंत्री झाले आणि तो कायदा रद्द झाला. रद्द करणाऱ्यांनीही शिकवण्याचा प्रश्न हाती घेतला नाही. १९९८ साली पुन्हा नवा कायदा आला. एकाने दांडा उगारावा, दुसऱ्याने तो खाली ठेवावा, आणि फळा दोघांच्याही राजवटीत कोराच राहावा, असा हा प्रकार.

झाशीला बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली स्थापन झाले. दुष्काळी, उद्योगधंदे तुरळक असलेल्या या प्रदेशात शेतकऱ्याच्या मुलाला पदवी म्हणजे गावाबाहेर पडण्याची वाट. खाजगी, विनाअनुदानित महाविद्यालयांचा पसारा नंतरच्या काळात देशभर वाढला. जिथे संस्थेचे उत्पन्न केवळ शुल्कावर चालते, तिथे नापास विद्यार्थी हा संस्थाचालकाच्या दृष्टीने तोटा असतो. वर्गात हजेरी नाही, ग्रंथालय कुलपात, आणि परीक्षेच्या दिवशी मात्र 'व्यवस्था' चोख! हिंदी वृत्तपत्रांनी अशा चालकांना व दलालांना 'नकल माफिया' हे नाव दिले, ते काही उगीच नव्हे. महाराष्ट्रानेही फार मान उंचावू नये. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध इथे १९८२ पासून कायदा आहे, तरी दर मार्चमध्ये भिंतींवर चढणारे पाय दिसतातच.

२०२४ च्या केंद्रीय कायद्याने एक फरक केला, तो नोंदवला पाहिजे. त्याचा रोख परीक्षार्थीवर नसून प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या, उत्तरपत्रिका बदलणाऱ्या टोळ्यांवर व परीक्षा चालवणाऱ्या कंपन्यांवर आहे. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद व किमान एक कोटी रुपये दंड आहे. दिशा योग्य आहे. पण चिठ्ठीचा धंदा प्रश्नपत्रिकेच्या धंद्यात का वाढला, याचे उत्तर दंडाच्या रकमेत सापडत नाही.

ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सापडते. उत्तर प्रदेश पोलिसांत शिपायांच्या ६०,२४४ जागा होत्या. अर्ज आले ४८ लाखांहून अधिक, म्हणजे एका जागेमागे सुमारे ऐंशी उमेदवार. पात्रता बारावीची, पण रांगेत पदवीधरही उभे होते. १७ व १८ फेब्रुवारीला परीक्षा झाली, प्रश्नपत्रिका फुटल्याचा बोभाटा झाला, आठवड्याच्या आत परीक्षा रद्द झाली. रेल्वेच्या डब्यांत दाटीवाटीने गेलेली मुले परत घरी आली, आणि ऑगस्टच्या अखेरीस तीच मुले पुन्हा त्याच डब्यांत चढली.