जॉबरच्या डोक्यातली यादी

गिरणगावात भोंगा वाजला की परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दारांत दोन प्रकारची माणसं दिसायची. एक कायमची, ती सरळ आत जायची. दुसरी बदली. कुणी गावाला गेलं, कुणी तापानं पडलं, तर त्याच्या साच्यावर आजचा दिवस उभं राहायला मिळेल, या आशेनं ताटकळणारी. आत कुणाला घ्यायचं हे गिरणीचा साहेब ठरवत नसे, जॉबर ठरवायचा. बायकांच्या खात्यात नायकीण. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या खोलीवर उतरलाय, दोन साचे झेपतील की नाही, वाण्याकडे उधारी किती, ही सगळी यादी जॉबरच्या डोक्यात असे. कागदावर एक ओळ नाही.

माणसं निवडणाऱ्यांच्या ऑनलाइन साधनांविषयीचं व्याख्यान गिरणीच्या दारातून सुरू झालेलं पाहून श्रोत्यांना थोडं चुकल्यासारखं वाटेल. पण ज्याला आज एचआर म्हणतात तो व्यवसाय आपल्याकडे उभा राहिला, तो बऱ्याच अंशी ही यादी जॉबरच्या डोक्यातून बाहेर काढण्याच्या खटाटोपातून.

जॉबर काम लावून देण्याचे पैसे घ्यायचा. त्याला दस्तुरी म्हणत. तो नुसता खलनायक मात्र नव्हता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की जॉबरलाही वस्तीत पत राखावी लागे; माणसं त्याच्या मागं उभी राहिली तरच गिरणीत त्याचा शब्द चाले. तरीही १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगानं १९३१च्या अहवालात नेमणुकीची सत्ता त्याच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी, असं सुचवलं. १९३५मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, आजचं 'टिस'. १९४८च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला आणि या संस्थेतून शिकून निघालेल्यांना हक्काची खुर्ची मिळाली.

सरकारनंही आपली यादी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून १९४५मध्ये निघालेली सेवायोजन कार्यालयं नंतर सगळ्यांसाठी खुली झाली. एका पिढीच्या पाकिटात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड असायचं, आणि वर्षानुवर्षं कॉल यायचा नाही. १९५९च्या कायद्यानं पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. कळवणं. त्या यादीतूनच माणूस घेणं नव्हे. मालकांनी या फरकाचा पुरेपूर उपयोग केला.

मग १९९७ साली दिल्लीतून नोकरी डॉट कॉम सुरू झालं. संस्थापक संजीव बिखचंदानी यांची आठवण प्रसिद्ध आहे: ते हॉर्लिक्स विकणाऱ्या कंपनीत असताना कचेरीत 'बिझनेस इंडिया'चा अंक आला की सहकारी तो मागून उघडत, कारण नोकरीच्या जाहिराती मागच्या पानांवर असत. बरं, नोकरी सोडायची म्हणून नव्हे, बाजारात आपला भाव काय चाललाय ते बघायला. संकेतस्थळ सुरू करताना जाहिराती कुठून आणायच्या? देशभरातल्या वर्तमानपत्रांतून वेचून हजारभर जागा चढवल्या गेल्या. जॉबरच्या डोक्यातली आणि एक्स्चेंजच्या फायलीतली यादी आता पडद्यावर आली, आणि पैसे भरणाऱ्या कुठल्याही कंपनीला ती चाळता येऊ लागली.

इथं रिक्रूटर मंडळी थांबतात. ऑनलाइन साधनं म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढं बायोडेटांचा ढीग येतो: कुठल्या साइटवर किती लाख, वर्गणी किती, महिन्याला किती डाउनलोड. ढीग मोठा असून भागत नाही. त्यात हात घालताना कोणता शब्द लिहायचा, हे माहीत असावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

चाकणच्या एखाद्या कारखान्याला मशिनिस्ट हवा आहे असं समजू. एचआरच्या टेबलावरची मुलगी एमबीए आहे, शॉपफ्लोअरवर ती दोनदा जाऊन आली आहे. शोधपेटीत ती 'मशिनिस्ट' लिहिते. पण भोसरी-चाकणचा कामगार स्वतःला मशिनिस्ट म्हणवत नाही. तो 'व्हीएमसी ऑपरेटर' असतो, 'सीएनसी टर्नर' असतो, 'सेटर' असतो, 'सेटर कम ऑपरेटर' असतो. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर एक शब्द, शॉपवर दुसरा, जाहिरातीत तिसरा. हवा तो माणूस ढिगात असतो आणि तिला दिसत नाही. जॉबरला हा प्रश्न कधी पडला नसता. त्याला माणसाचे हात माहीत होते.

यावर धंद्यातला जुना उपाय म्हणजे बूलियन सर्च. एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी 'अँड', 'ऑर', 'नॉट' ही तीन अक्षरशः फुकटची अवजारं. मशिनिस्ट ऑर व्हीएमसी ऑर सीएनसी, अँड फानुक (कंट्रोलर कोणत्या कंपनीचा, हे शॉपवर फार महत्त्वाचं), नॉट सेल्स. यातलं 'नॉट' जपून वापरावं. 'नॉट ट्रेनी' लिहिलं की शिकाऊ पोरं गळतात खरी, पण ज्यानं वीस ट्रेनी तयार केले आणि तसं अभिमानानं बायोडेटात लिहिलं, तो अनुभवी सेटरही गळतो.

कोणते शब्द 'ऑर'नं जोडायचे, हे मात्र बूल सांगत नाही. ते सांगणारी साधनं वेगळी, सरकारी आणि मोफत आहेत. बहुधा म्हणूनच दुर्लक्षित आहेत.

महामंदीच्या काळात अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले आणि त्यांना काम जुळवून देणाऱ्या सरकारी कचेऱ्यांना हाच पेच पडला: एका गावात ज्याला जे म्हणतात, ते दुसऱ्या गावात भलतंच काही असतं. त्यातून १९३९ साली 'डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स' हा कोश निघाला. सुमारे साडेसतरा हजार कामांच्या व्याख्या त्यात होत्या. विणकराचं काम नेमकं काय, खाटकाचं काय, लिफ्टवाल्याचं काय. कंटाळवाणा वाटणारा आणि उघडला की खाली ठेववत नाही असा ग्रंथ. त्याची जागा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'ओ-नेट' या ऑनलाइन कोशानं घेतली. त्यात नऊशेच्या वर व्यवसायांची माहिती आहे: रोज करायची कामं, हाताळायची अवजारं, लागणारी कौशल्यं, कामाच्या जागेची परिस्थिती. चाकणच्या त्या मुलीनं तो उघडला, तर सीएनसी यंत्र चालवणारा आणि त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा, असे दोन स्वतंत्र व्यवसाय तिला दिसतील. मग सुपरवायझरकडे जाऊन ती विचारू शकेल, "साहेब, तुम्हाला यंत्र चालवणारा हवाय, सेटिंग करणारा हवाय की प्रोग्रॅम लिहिणारा?" बऱ्याचदा सुपरवायझरला तिघेही एकाच पगारात हवे असतात. पण निदान ते मुलाखतीआधी कळतं.

ओ-नेट अमेरिकन आहे. कंत्राटी कामगार, आयटीआय, ॲप्रेंटिस यांचं आपल्याकडचं गणित त्यात नाही. त्यासाठी आपला स्वतःचा कोश आहे, 'नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स'. सध्याची आवृत्ती २०१५ची. प्रत्येक कामाला आठ अंकी संकेतांक. त्यातले पहिले चार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाशी जुळतात. युरोपीय संघाचा 'एस्को' हा कोश तर अनेक भाषांत आहे. त्या मानानं मराठीत फार थोडं आहे, आणि ज्या राज्यात शॉपफ्लोअरची भाषा मराठी-हिंदी मिश्र आहे, तिथं हे खटकतं.

आता ओळखीपाळखीकडे वळू. १९७४ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावच्या २८२ नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त लोकांना, ५६ टक्क्यांना, नोकरी ओळखीतून लागली होती. गंमत पुढे आहे. ज्या ओळखीतून ती लागली ती जिवलग मित्राची क्वचितच होती. बहुतेक वेळा कधीमधी भेटणाऱ्या माणसाची. जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २००३मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनचा सारा डोलारा या कच्च्या धाग्यांवर उभा आहे. तिथल्या सुमारे दोन कोटी लोकांवरचे प्रयोग २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मध्यम कच्च्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या, पण मुख्यतः संगणकावर चालणाऱ्या उद्योगांत. जिथं काम कमी डिजिटल, तिथं पक्क्या नात्यांचं वजन जास्त. थोडक्यात, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांना लिंक्डइन लागू पडतं आणि भोसरीच्या कारखान्यांत अजून गाववाला. दोन्हीकडे एकच साधन घेऊन जाणारा रिक्रूटर एकीकडे हमखास रिकाम्या हातानं परततो.

ओळखीला दुसरी बाजूही आहे, आणि ती मिरवण्यासारखी नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज धाडले. शिक्षण तोलामोलाचं, फरक नावात. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाला १ धरली, तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. आडनाव वाचणारी नजर जॉबरबरोबर गेली नव्हती. ती यंत्राकडे सोपवूनही जात नाही: ॲमेझॉननं बायोडेटा चाळायला बनवलेल्या यंत्रणेनं आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकताना 'महिला' हा शब्द आलेले अर्ज खाली ढकलायला सुरुवात केली. ती गुंडाळावी लागल्याची बातमी २०१८मध्ये रॉयटर्सनं दिली.

साधनं कमी पडली की एचआरवाले एकमेकांना विचारतात, आणि त्या विचारायच्या जागाही जुन्या आहेत. कलकत्त्याची एक आणि मुंबईची एक अशा दोन संस्था एकत्र येऊन १९८० साली 'एनआयपीएम' ही या व्यवसायाची संघटना झाली. लार्सन अँड टुब्रोमध्ये १९७५च्या सुमारास प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग आखून दिला, आणि त्याच परंपरेतून १९८५मध्ये 'नॅशनल एचआरडी नेटवर्क' निघालं. आज प्रत्येक एमआयडीसीच्या एचआर मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. रात्री अकराला "ग्रॅच्युइटी कशी काढायची?" असा प्रश्न पडतो आणि पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. कालपर्यंत त्यातली पाच बरोबर असत. पण २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले, आणि इंटरनेटवर वीस वर्षं साठलेली उत्तरं एका दिवसात शिळी झाली. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच वर्षं भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, हे उत्तर आजही फॉरवर्ड होतं; संहितेनुसार त्याला एका वर्षानंतरच हक्क मिळतो. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर मूळ कलम वाचायला मिळतं. ग्रुपमधल्या सातव्या उत्तराआधी ते उघडणारा माणूस त्या ग्रुपचा कणा ठरतो.

याच ग्रुपवर बायोडेटा फिरतात. एका उमेदवाराचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, जुना पगार, सगळं तीन ग्रुपवरून साताठशे अनोळखी माणसांकडे जातं, तेही "कुणाला उपयोग झाला तर बघा" अशा निर्मळ भावनेनं. २०२३चा व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा ही सवय मोडायला लावेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.

शेवटी एका साध्या साधनाबद्दल, कारण ते रिक्रूटरइतकंच उमेदवाराच्या घरच्यांच्याही कामाचं आहे. रत्नागिरी, खेड, चिपळूणकडून आखातात जाणाऱ्यांची परंपरा जुनी. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी मालकासाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर आहे आणि बेकायदा म्हणून लक्षात आलेल्या एजंटांची यादीही सरकार प्रसिद्ध करतं. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते ३०,००० रुपयांपर्यंत, वर जीएसटी, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्यावरची प्रत्येक रक्कम, तिला व्हिसाचा खर्च म्हणा की चहापाणी, ही गिरणगावातली दस्तुरीच. एजंटानं सांगितलेलं नाव आणि नोंदणी क्रमांक त्या यादीशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं पासपोर्ट त्याच्या हातात देण्याआधीची असावीत.