चढण्याआधी कागद
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



आज सगळे सोसायटीच्या चांगल्या आठवणी सांगत आहेत. मला मात्र गेटजवळच्या कडुलिंबाबद्दल बोलायचंय आणि माझी एक चूक कबूल करायचीय.

हे झाड आपण सोसायटीच्या पहिल्या पावसाळ्यात लावलं. काही वर्षांपूर्वी मी सचिव असताना तक्रारी सुरू झाल्या. गाड्यांवर निंबोळ्या पडतात, फांद्या गॅलरीत येतात. मी एका झाड तोडणाऱ्याला बोलावलं. दोर खांद्यावर टाकून तो आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, नगर परिषदेचा कागद आहे का?" मी म्हणालो, "झाड आमच्या आवारातलं. कागद कशाला? चढ तू."

तो चढला. दोन मोठ्या फांद्या खाली आल्या आणि कुणीतरी तक्रार केली. पंचनामा झाला, त्यात पहिलं नाव त्याचं लिहिलं गेलं. त्याची करवत आणि दोर जमा झाले. मी पुढे होऊन सांगितलं की काम मी सांगितलं होतं, तेव्हा माझंही नाव आलं. पण माझा पगार चालू होता. त्याची रोजी त्या करवतीवर होती. कागद विचारला त्याने, आणि भोगलंही आधी त्यानेच.

त्यानंतर मी कायदा वाचला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यातल्या तीन गोष्टी आपण सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, झाड स्वतःच्या जागेत असलं तरी परवानगी लागते. दुसरी, 'तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यापासून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. "आम्ही फक्त छाटलं" एवढं म्हणून सुटका होत नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तोडणारा आणि तोडायला लावणारा, दोघेही दोषी. "मालकाने सांगितलं म्हणून केलं" हे मजुराला वाचवत नाही, आणि "तोडलं त्याने" हे आपल्याला वाचवत नाही. कलम २१ मध्ये दंडाबरोबर एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. शिवाय प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. परवानगी घेऊन झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, असंही ठरलं. म्हणजे आज हा कडुलिंब काढायचा तर पंचवीस झाडं लावून जगवावी लागतील!

आपल्यापैकी अनेकांची शेती आहे, त्यांनीही ऐकावं. गावाकडे १९६४ चा वेगळा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत. बांध आपला असला तरी तिथेही आधी परवानगी. आणि न्यायालयं आता किती कडक झालीत बघा. मथुरा-वृंदावन भागात ४५४ झाडं, त्यातली बहुतेक खासगी जमिनीवरची, विनापरवानगी तोडली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला.

फांदी खरंच धोक्याची झाली तर काय करायचं? नगर परिषदेत वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा, सोबत फोटो आणि कारण. थोडे दिवस जातील, जाऊ देत.

माझी एक विनंती आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करू या. झाडाचं कुठलंही काम असो, परवानगीची प्रत आधी कामगाराच्या हातात द्यायची, दुसरी नोटीस बोर्डावर लावायची, मगच दोर वर जाईल. त्याने मागायची वाट बघायची नाही. तो पोटासाठी चढतो. गरज नको म्हणू देत नाही. नको म्हणायची जबाबदारी आपली.

जाताना गेटजवळ जरा थांबा. दोन फांद्यांच्या खुणा अजून दिसतात. त्या माझ्या सहीच्या आहेत असं मी समजतो.